‘सात दिवसांत असं काय मोठं होतं?’

पहिल्या सत्राची परीक्षा आटोपली की महाराष्ट्रातल्या तालुक्याच्या गावांमधून टेम्पो निघू लागतात. टेम्पोत सतरंज्या, दोन मोठी पातेली, टिकाव-फावड्यांचा गठ्ठा, घमेल्यांची चळत, एखादी ढोलकी. मागून एसटीने पन्नासेक मुलंमुली आणि त्यांचे कार्यक्रम अधिकारी. दत्तक गावातल्या जिल्हा परिषदेच्या शाळेत नाहीतर देवळाच्या सभामंडपात मुक्काम पडतो आणि राष्ट्रीय सेवा योजनेचं हिवाळी शिबिर सुरू होतं. उन्हाळ्यात हेच चित्र वेगळ्या रूपात दिसतं. राष्ट्र सेवा दलाची शिबिरं भरतात, चंद्रपूर जिल्ह्यात सोमनाथची श्रमसंस्कार छावणी भरते, माळावर चर खणणाऱ्या तरुणांचे गट दिसतात.

याच दिवसांत एक वाक्यही फिरू लागतं. स्टाफरूममध्ये, मुलीला शिबिराला पाठवायचं की नाही यावर चर्चा चाललेल्या घरात, विद्यापीठाच्या बैठकीत, वर्तमानपत्राच्या स्तंभात. ‘सात दिवसांत असं काय मोठं होतं?’

हे वाक्य बोलणारी माणसं वाईट नसतात. बरीचशी शिकलेली, समाजाची काळजी असलेली असतात. म्हणूनच त्यांचं म्हणणं पातळ न करता मांडायला हवं. ते असं आहे: पन्नास पोरं आठवडाभर खणतील तेवढं जेसीबी एका दुपारी खणतो. मुलं येतात ती वाढीव गुणांसाठी आणि प्रमाणपत्रासाठी. शहरातली मुलं गरिबी बघायला येतात, गावकऱ्यांसोबत फोटो काढतात आणि परत जातात. गाव होतं तिथेच राहतं. मुलंही चार दिवस भारावतात, पाचव्या दिवशी विसरतात. रस्ता, पाणी, शाळा ही सरकारची कामं आहेत. ती पोरांकडून फुकटात करून घेणं म्हणजे सरकारला मोकळं सोडणं. तेव्हा ही शिबिरं बंद करावीत, किंवा चालू द्यावीत, पण त्यांच्याकडून फारशी अपेक्षा ठेवू नये.

ऐकायला हे सगळं व्यवहारी वाटतं. पण यातलं एकेक विधान हातात घेऊन दाबून पाहिलं, की ते आतून पोकळ निघतं.

जेसीबीपासूनच सुरुवात करू. माळाच्या उतारावर पाणी अडवणारा सलग समतल चर साधारण दोन फूट रुंद आणि दीड फूट खोल धरला, तर एका मीटर लांबीत सुमारे २७० लिटर पाणी मावतं. मुरमाड माळावर एका मुलाने आठवडाभरात तीन मीटर चर काढला असं धरा. हे काही अचाट काम नाही. पन्नास जणांचे झाले दीडशे मीटर. चर एकदा भरला की चाळीस हजार लिटर पाणी थांबलं, आणि पावसाळ्यात तो एकदाच भरत नाही. हे पाणी कुणाच्या भावनेत साठत नाही, जमिनीत मुरतं. यंत्र हे काम लवकर करतं, यात वाद नाही. पण यंत्राला समपातळी रेषा कोण दाखवणार? माळाचा उतार न बघता आडवातिडवा खणलेला चर पाणी अडवत नाही, उलट माती वाहून नेतो. ती रेषा आखायला हायड्रोमार्कर किंवा ए-फ्रेम अशी समपातळी शोधायची साधनं घेऊन उन्हात फिरणारी माणसं लागतात. पाणी फाउंडेशनने २०१६ साली गावांसाठी जलसंधारणाची वॉटर कप स्पर्धा सुरू केली, तेव्हा स्पर्धेआधी गावकऱ्यांची निवासी प्रशिक्षणं घेतली. कारण उघड होतं. यंत्र भाड्याने मिळतं, माळाची समज भाड्याने मिळत नाही. पहिल्या वर्षी पहिल्या आलेल्या साताऱ्यातल्या वेळू गावाने यंत्रं कमी वापरली की जास्त, हा मुद्दाच नाही. गाव एकत्र आलं कसं, हा मुद्दा आहे.

शिवाय अशीही कामं आहेत, जिथे जेसीबीचा काडीचा उपयोग नाही. वनराई बंधारा हे त्यातलं एक. मोहन धारिया यांच्या वनराई संस्थेने ही पद्धत गावोगाव नेली. ती ज्याने केली नाही त्याला त्यातली मेहनत कळत नाही. पाऊस संपला की ओढ्याची धार बारीक होत जाते. ती आटायच्या आत पाणी अडवायचं असतं. आधी सिमेंटची रिकामी पोती जमवायची. ती कधी बांधकामावरून मागून आणायची, कधी गावातल्या घराघरांतून. मग ओढ्याकाठची वाळू-माती घमेल्याने पोत्यात भरायची. पोतं गच्च भरायचं नाही, पाऊण भरायचं, म्हणजे ते एकमेकांवर नीट बसतं. तोंड सुतळीने शिवायचं. मग माणसांची साखळी लावायची. काठावरचा मुलगा मधल्याला देतो, मधला पाण्यात उभ्या असलेल्या मुलीला, ती रचणाऱ्याला. वीट रचतात तसं वरचं पोतं खालच्या दोन पोत्यांच्या सांध्यावर यायला हवं, नाहीतर पाणी सांध्यातून वाट काढतं. पहिल्या दिवशी हमखास काढतंच. मग गावातला एखादा म्हातारा धोतर खोचून पाण्यात उतरतो, दोन थरांमध्ये माती कशी दाबायची ते दाखवतो, आणि संध्याकाळी पाणी वर चढताना दिसतं. आधी घोट्यापर्यंत, मग पोटरीपर्यंत. त्या पाण्यावर रब्बीच्या हरभऱ्याला किंवा गव्हाला एक-दोन पाणी जास्त मिळतं. आजूबाजूच्या विहिरींना आधार होतो. ढोरांना जवळ पाणी मिळतं. हा बंधारा पुढच्या पावसात वाहून जाणार हे सगळ्यांना ठाऊक असतं. पुढच्या वर्षी तो पुन्हा बांधावा लागतो. ‘टिकत नाही’ म्हणून टीकाकार त्याला हसतात. शेतकरी पेरणी दरवर्षी करतो, म्हणून पेरणी निरर्थक ठरते का?

आता मूळ मुद्दा: सात दिवसांत माणूस बदलतो का?

‘जे मुळात सेवाभावी असतात तेच शिबिराला जातात, शिबिर त्यांना काही देत नाही’ हा आक्षेप त्यातल्या त्यात हुशारीचा आहे. त्याला उत्तर द्यायचं तर अशी माणसं शोधावी लागतील जी सारखीच उत्साही होती, त्यातली काही गेली आणि काही गेली नाहीत. अमेरिकेत असा एक अभ्यास झालेला आहे. १९६४ च्या उन्हाळ्यात मिसिसिपी राज्यात कृष्णवर्णीयांची मतदार नोंदणी करायला आणि त्यांच्या मुलांसाठी शाळा चालवायला उत्तरेतले शेकडो विद्यार्थी गेले. त्या मोहिमेमागे विद्यार्थ्यांचीच एक संघटना होती, स्टुडंट नॉनव्हायोलंट कोऑर्डिनेटिंग कमिटी. मोहीम सुरू होताच जेम्स चेनी, अँड्र्यू गुडमन आणि मायकेल श्वर्नर या तिघा तरुणांचा खून झाला. उन्हाळाभर सुमारे १७ हजार कृष्णवर्णीय नागरिक नोंदणीच्या कचेरीत गेले. त्यांतल्या जेमतेम १६०० जणांचे अर्ज मंजूर झाले. जेसीबीच्या हिशोबाने बघितलं तर तो उन्हाळा साफ फसला.

वीसेक वर्षांनी डग मॅकॅडम या समाजशास्त्रज्ञाने त्या मोहिमेचे मूळ अर्ज शोधून काढले. अर्ज केला, निवड झाली आणि गेले, असे एका बाजूला. अर्ज केला, निवड झाली, पण काही कारणाने जाऊ शकले नाहीत, असे दुसऱ्या बाजूला. वय, घर, शिक्षण, मतं यांत दोन्ही गट बरेचसे सारखे होते. पण पुढच्या आयुष्यात दोघांच्या वाटा वेगळ्या झाल्या. जे मिसिसिपीत राहून आले, ते दोन दशकांनंतरही सार्वजनिक कामात जास्त गुंतलेले होते. १९८८ साली हे पुस्तकरूपाने आलं. एका उन्हाळ्याने माणसाचं उरलेलं आयुष्य वळू शकतं, याचा यापेक्षा चांगला पुरावा टीकाकारांना कुठून हवा आहे? आणि त्यांच्याकडे उलट पुरावा काय आहे? ‘आमच्या वर्गातली पोरं आता काहीच करत नाहीत’, एवढाच?

महाराष्ट्राला तर त्यासाठी अमेरिकेपर्यंत जायचीही गरज नाही. १९४१ साली सुरू झालेल्या राष्ट्र सेवा दलाच्या शाखांमधून आणि शिबिरांमधून जी माणसं गेली, त्यांच्यावर या राज्याचं सार्वजनिक जीवन कितीतरी वर्षं चाललं. १९४७ साली पंढरपूरच्या विठ्ठल मंदिराचे दरवाजे दलितांना खुले व्हावेत म्हणून साने गुरुजींनी उपोषण केलं. त्याआधी गावोगाव हिंडून वातावरण तयार करणाऱ्यांत सेवा दलाची तरुण मुलं होती. निळू फुले आणि दादा कोंडके ही दोन नावं सिनेमातली म्हणून सगळ्यांना माहीत आहेत. दोघंही सेवा दलाच्या कलापथकात घडले. शिबिराच्या रात्री ढोलकीवर रंगणारा जो कार्यक्रम टीकाकारांना ‘टाइमपास’ वाटतो, तोच या माणसांची पहिली रंगभूमी होता.

दुसरं उदाहरण चंबळचं. एस. एन. सुब्बाराव, ज्यांना देशभरातले तरुण ‘भाईजी’ म्हणत, त्यांनी दरोडेखोरांच्या टापूत तरुणांची श्रमशिबिरं घेतली आणि जौरा इथे आश्रम उभारला. एप्रिल १९७२ मध्ये त्याच जौऱ्यात जयप्रकाश नारायण यांच्यासमोर बागींनी बंदुका खाली ठेवल्या. शिबिरांमुळेच दरोडेखोर शरण आले असं कुणी म्हणणार नाही. पण बंदुका ठेवायला त्यांनी जागा कोणती निवडली, हे लक्षात घ्यावं. वर्षानुवर्षं बाहेरची पोरं येऊन त्या मातीत राबत होती, म्हणून ती जागा भरवशाची झाली होती.

सोमनाथची छावणी तर या सगळ्या आक्षेपांना एकटी पुरून उरते. बाबा आमटे यांनी मूल तालुक्यातल्या जंगलाकाठच्या जमिनीवर श्रमिक विद्यापीठाचं स्वप्न पाहिलं. तिथे कुष्ठमुक्त माणसं शेती करू लागली आणि दर मे महिन्यात देशभरातले तरुण त्यांच्या सोबतीने राबायला येऊ लागले. मे महिना मुद्दामच. विदर्भात तेव्हा पारा पंचेचाळीसच्या आसपास असतो, म्हणून पहाटे उजाडण्याच्या सुमाराला काम सुरू होतं. पहिल्या छावण्या भरल्या तो काळ आठवा. कुष्ठरोगावरची बहुविध औषधोपचार पद्धत जागतिक आरोग्य संघटनेने सुचवली १९८१ साली. त्याआधी ज्याची बोटं झडली आहेत अशा माणसाच्या शेजारी बसायलाही लोक तयार नसत. सख्खे नातेवाईक घराबाहेर काढत. अशा वेळी पुण्या-मुंबईची, नागपूर-कोल्हापूरची एकोणीस-वीस वर्षांची पोरं तिथे जातात, कुष्ठमुक्त माणसाने पिकवलेलं धान्य खातात, त्याच्याकडून कुदळ कशी धरायची हे शिकतात, आणि घरी येऊन आईला हे सांगतात. त्या घरात त्या रात्री काय झालं असेल? कुणी चिडलं असेल, कुणी ‘अंघोळ कर आधी’ म्हणालं असेल. पण ती भीती पुन्हा पूर्वीसारखी घट्ट राहिली नसेल. अशी हजारो घरं. कुठल्या जेसीबीने हे खणलं असतं?

बाबांच्या हाकेने २४ डिसेंबर १९८५ ला, साने गुरुजींच्या जयंतीच्या दिवशी, शंभराहून अधिक तरुण-तरुणी कन्याकुमारीहून सायकलवर काश्मीरकडे निघाले. पंजाब पेटलेला होता. हे धाडस एका रात्रीत आलं नव्हतं. त्यामागे छावण्यांमध्ये मुरलेली सवय होती: अनोळखी माणसाच्या अंगणात उतरायचं, त्याच्यासोबत जेवायचं, त्याचं ऐकायचं.

‘गुणांसाठी येतात’ हा आक्षेप त्यामानाने किरकोळ आहे, पण तोच सर्वांत जास्त वेळा ऐकू येतो. मुलं कुठल्या कारणाने आली, यावरून ती काय घेऊन जातील हे ठरत नाही. पोरगं गणिताच्या तासाला हजेरीसाठी बसतं, म्हणून त्याला गणित येत नाही असं कुणी म्हणत नाही. आणि इतिहास बघितला तर राष्ट्रीय सेवा योजना सक्तीची होता होता ऐच्छिक झाली, हे टीकाकार विसरतात. १९५९ साली चिंतामणराव देशमुखांच्या अध्यक्षतेखालच्या समितीने तरुणांसाठी नऊ महिने ते एक वर्ष सक्तीच्या सेवेचा विचार मांडला होता. संयुक्त महाराष्ट्रासाठी केंद्रातलं अर्थमंत्रिपद सोडणारे हेच ते देशमुख. पुढे शिक्षणतज्ज्ञ सैयदैन यांनी इतर देशांतल्या योजनांचा अभ्यास करून ऐच्छिक मार्ग सुचवला. २४ सप्टेंबर १९६९ ला, गांधी जन्मशताब्दीच्या वर्षात, ३७ विद्यापीठांमध्ये ही योजना सुरू झाली ती त्याच ऐच्छिक रूपात. वर्षाला १२० तास, दोन वर्षं, आणि एक निवासी शिबिर. ज्या मुलाला दहा गुणच हवे आहेत त्याला ते मिळवायचे याहून सोपे मार्ग आहेत. त्यासाठी कुणी थंडीत पहाटे साडेचारला उठून चूल पेटवत नाही.

आणि ‘गरिबी बघायला येणारी शहरी मुलं’ ती कोणती? हे मत बहुधा पुण्या-मुंबईत तयार होतं आणि तिथेच फिरतं. महाराष्ट्रातली कितीतरी कॉलेजं तालुक्याच्या गावी आहेत. तिथल्या शिबिरात आलेला मुलगा स्वतः कुठल्यातरी वाडीहून पासावर एसटीने कॉलेजला येतो. त्याच्या बापाची दोन एकर कोरडवाहू जमीन असते. त्याने गरिबी बघायला कुठे जायचं? तो तिथे वेगळंच काहीतरी बघतो. शेजारच्या तालुक्यातल्या गावाने टँकर कसा बंद केला, ग्रामसभेत बाया कशा बोलतात, आपल्याच वयाचा ग्रामपंचायत सदस्य दाखल्यासाठी तहसील कचेरीत कसा भांडतो. हे त्याने आपल्या गावात कधी पाहिलेलं नसतं, कारण आपल्या गावात तो फक्त कुणाचा तरी पोरगा असतो.

मुलींबद्दल तर ‘सात दिवसांत काय होतं’ म्हणणाऱ्यांनी थोडा वेळ थांबून विचार करावा. ग्रामीण भागातल्या अनेक मुलींसाठी शिबिराची रात्र ही आपलं किंवा नातेवाइकांचं घर सोडून इतरत्र काढलेली पहिली रात्र असते. ‘कॉलेजचं आहे, मॅडम सोबत आहेत’ एवढ्या एका आधारावर ती परवानगी मिळालेली असते, आणि तीही आजीच्या मध्यस्थीने. तिथे ती पहिल्यांदा माइक हातात घेते. सर्वेक्षणासाठी अनोळखी उंबरठ्यावर उभी राहून ‘काकू, घरात शौचालय आहे का? वापरता का?’ असं विचारते. रात्री गटचर्चेत सरांचं म्हणणं खोडते. त्याच वेळी तिच्या वर्गातली मुलं, ज्यांनी घरी पाण्याचा तांब्यासुद्धा उचललेला नसतो, ती साठ माणसांची ताटं राखेने घासत असतात. हा बदल कायमचा टिकतो असा दावा नाही. पण एकदा भाकरी थापून बघितलेला मुलगा बायकोला ‘भाकरी जाड झाली’ म्हणताना जरा अडखळतो. एवढं अडखळणंही या समाजात थोडं नाही.

याच स्वयंपाकघरात शिबिराची खरी शाळा भरते, कारण शिबिर मुलं चालवतात. भोजन समिती, श्रमदान समिती, आरोग्य समिती, सांस्कृतिक समिती, सगळ्यांचे प्रमुख विद्यार्थी. साठ माणसांना पोहे किती लागतात हे एकोणीस वर्षांच्या मुलाला ठाऊक नसतं. पहिल्या दिवशी पाच किलो पोहे कमी पडतात आणि शेवटची रांग चहा-बिस्किटावर निघते. किराणा दुकानदाराशी उधारीचं बोलावं लागतं. सरपंच आणि विरोधी गट एकमेकांचं तोंड बघत नसताना दोघांनाही उद्घाटनाला बोलवावं लागतं. एका मुलाला विंचू चावतो आणि प्राथमिक आरोग्य केंद्र किती किलोमीटरवर आहे, तिथे रात्री कोण असतं, हे तेव्हा कळतं. हे सगळं एका जाड वहीत लिहिलं जातं. या वहीकडे परत यायचं आहे.

आता ‘हे सरकारचं काम’ या आक्षेपाकडे. तो बाकीच्यांहून वजनदार आहे आणि त्यात एक खरी गोष्ट आहे. पोरांनी केलेल्या कामावर कुणी ठेकेदार बिल उचलत असेल, तर ती चोरी आहे आणि ती पकडलीच पाहिजे. पण त्यापुढे जाऊन ‘सेवेला गेलेला तरुण हक्क विसरतो’ असं जे म्हटलं जातं, त्याच्या नेमकं उलट या राज्यात घडलेलं आहे. डॉ. अभय बंग यांनी वर्धा जिल्ह्यातल्या गावात राहून शेतमजुराला दिवसाला किती उष्मांक लागतात हे मोजलं आणि सरकारने ठरवलेल्या मजुरीत माणूस जगू शकत नाही हे आकड्यांनी दाखवलं. त्यानंतर राज्यात किमान मजुरी चार रुपयांवरून बारा रुपयांवर गेली. मोहन हिराबाई हिरालाल छात्र युवा संघर्ष वाहिनीतून आले, तरुणपणीच गडचिरोलीत रुजले. देवाजी तोफा आणि त्यांच्या मेंढा (लेखा) गावासोबत त्यांनी जे अभ्यासगट चालवले, त्यांतून ते गाव २००९ साली वनहक्क कायद्याखाली सामूहिक वनहक्क मिळवणाऱ्या देशातल्या अगदी पहिल्या गावांपैकी एक ठरलं. ही माणसं सरकारला मोकळं सोडणारी होती का? ज्याने गावात मुक्काम केला नाही, त्याला सरकारला नेमका कुठला प्रश्न विचारायचा हेच कळत नाही. एप्रिलमध्ये कुठल्या वस्तीवरच्या बाया किती लांबून पाणी आणतात हे ज्याने पाहिलं, त्याच्याच तोंडी प्रश्न धारदार होतो.

‘मुलं परत जातात, गाव तिथेच राहतं’ हे वाक्यही नेहमीच खरं ठरत नाही. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारी परिसरात भूकंप झाला. मदतीला हजारो तरुण गेले. बरेचसे परतले, आणि परतणं स्वाभाविकही होतं. पण पुण्याच्या ज्ञान प्रबोधिनीचं काम त्या भागातल्या हराळी गावात टिकून राहिलं. तिथे शाळा उभी राहिली, ती आजही चालू आहे. मदतीसाठी गेलेल्यांपैकी किती राहिले, हा हिशोब मांडणारे लोक एक शाळा किती पिढ्या चालते हा हिशोब मांडत नाहीत.

शिबिराने काय घडतं हे ज्यांना मनापासून समजून घ्यायचं आहे, त्यांनी गडचिरोलीतल्या शोधग्रामला ‘निर्माण’ हे तरुणांचं प्रशिक्षण कसं चालतं ते बघावं. अभय आणि राणी बंग यांनी २००६ साली ते सुरू केलं. तिथे एकाच शिबिरावर भिस्त ठेवलेली नाही. शिबिर, मग काही महिने स्वतःच्या जागी करून पाहणं, मग पुन्हा शिबिर, अशी मालिका आहे. त्यातून गेलेले तरुण डॉक्टर गडचिरोलीच्या प्राथमिक आरोग्य केंद्रांमध्ये गेले. जिथे जागा रिकाम्या पडतात, तिथे त्यांनी दवाखाना उघडा ठेवला. सात दिवस कमी पडतात ही तक्रार खरी असेल, तर तिचा उपाय सात दिवस रद्द करणं हा आहे की सातांचे सत्तर करणं?

या सगळ्या चर्चेत सर्वांत जास्त संताप आणणारी गोष्ट वेगळीच आहे. ‘काही होत नाही’ हे मत नुसतं मत राहत नाही, ते शिबिरांना पोखरतं. वरून अपेक्षा नसल्या की कॉलेज दरवर्षी नवं गाव निवडतं, कारण गाडीचं भाडं कमी पडतं. सर्वेक्षणाचे फॉर्म भरले जातात आणि कपाटात जातात. श्रमदान दोन तासांवर येतं आणि पाहुण्यांची भाषणं चार तासांवर जातात. बॅनर आधी छापला जातो, काम नंतर ठरतं. मग तेच टीकाकार त्या बॅनरकडे बोट दाखवून म्हणतात, बघा, आम्ही म्हणत नव्हतो? रोपाला पाणी न घालता ते वाळलं म्हणून बियाण्याला दोष देणं, हे कुठल्या शेतकऱ्याला पटेल?

म्हणून मागणी साधी आहे आणि ती आग्रहाने केली पाहिजे. एकाच गावात निदान पाच वर्षं जा. कारभार मुलांच्या हाती द्या आणि त्यांना चुकू द्या. कार्यक्रम अधिकाऱ्याचं काम ज्याच्या गळ्यात पडेल त्याच्या माथी मारू नका. ज्याला ते करायचं आहे त्यालाच द्या, आणि त्याचा वर्गावरचा बोजा हलका करा. सर्वेक्षणाचा निकाल ग्रामसभेपुढे मुलांनीच वाचून दाखवला पाहिजे. आणि शिबिराने काय साधलं हे आठव्या दिवशी विचारू नका, दहाव्या वर्षी विचारा: ग्रामपंचायतीत निवडून आलेल्या त्या मुलीला, आरोग्य केंद्रात रात्रपाळी करणाऱ्या त्या डॉक्टरला, शाळेत शिकवणाऱ्या त्या मास्तरला, आणि पाण्यात उतरून पोतं दाबून दाखवणाऱ्या त्या म्हाताऱ्याच्या नातवाला.

जिथे हे नीट चालतं, तिथे ती जाड वही जुनी तुकडी नव्या तुकडीला देते. कोपरे दुमडलेले, मुखपृष्ठावर हळदीचा डाग. आत वेगवेगळ्या अक्षरांत नोंदी असतात. ओढ्याच्या वळणावर बंधारा नको, डाव्या काठाला मुरूम आहे, पाणी निघून जातं. खालच्या वस्तीवर संध्याकाळी जावं, दिवसा बाया कामावर असतात. आरोग्य केंद्र नऊ किलोमीटर, रात्री आधी फोन करावा. पोती आत्तापासूनच जमवायला सांगावं. पोहे पाच किलो पुरत नाहीत, साडेसहा आणावेत.